वाकायचं कुणापुढे?

वाचन : योहान 13:1–17 आणि 18:19–23

भोंगवलीकडचं एखादं लग्न डोळ्यांपुढे आणा. मांडवात माइकवरून पाहुण्यांची नावं पुकारली जातायत. कुणी कारखान्याचे संचालक, कुणी सोसायटीचे चेअरमन, कुणी पंचायत समितीचे माजी सदस्य. नाव आलं की यजमान हात जोडून पुढे धावतो, कमरेत वाकतो, फेटा बांधून पाहुण्याला सोफ्यावर बसवतो. तासाभरानं तोच यजमान पंगतीत उभा असतो आणि बुंदी यायला उशीर झाला म्हणून वाढप्याच्या पोरावर खेकसतो. सोफ्यापाशी तो वाकला ते मनापासून असेलही. पण माणूस नम्र आहे की नाही, हे पंगतीतच कळतं.

वरच्यापुढे वाकायला फारसं काही लागत नाही. भीती पुरते, गरज पुरते, नुसती रीतही पुरते. ज्याच्याकडून आपल्याला काही मिळायचं नाही आणि ज्याला आपण दुखावलं तरी आपलं काही बिघडत नाही, त्याच्याशी आपण कसे वागतो, तिथं कस लागतो.

वल्हांडणाच्या सणाआधीच्या त्या रात्री येशू जेवणावरून उठला, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुऊ लागला. हे घरातल्या गड्याचं काम. म्हणून तर पेत्र संकोचला. योहान इथं एक गोष्ट मुद्दाम सांगतो : पित्यानं सर्व काही आपल्या हाती दिलं आहे, हे येशूला ठाऊक होतं. ते ठाऊक असताना तो उठला. स्वतःला क्षुद्र समजून तो खाली बसला नव्हता. थोड्याच वेळात जो घात करणार होता, त्या यहूदाचे पायही त्यानं वगळले नाहीत.

रात्र तीच. येशूला बांधून माजी प्रमुख याजक हन्ना याच्याकडे नेलं. तिथं एका शिपायानं त्याच्या तोंडात मारली. येशूनं मान खाली घातली नाही आणि माफीही मागितली नाही. माझं बोलणं चुकीचं असेल तर तसं दाखवून दे, बरोबर असेल तर का मारतोस, असं त्यानं सरळ विचारलं. शिष्यांच्या पायांपाशी बसलेला आणि सत्तेला जाब विचारणारा, दोन्ही एकच येशू. आपण मात्र नम्रतेचा धडा शोधायला तेराव्या अध्यायात जातो आणि अठरावा सोडून देतो.

आपल्या पुणे जिल्ह्यातच, दौंडकडच्या केडगावात, हे दोन्ही अध्याय जगलेली एक बाई होऊन गेली : पंडिता रमाबाई. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या, तेव्हा त्या विशीत होत्या. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथल्या वाँटेजच्या मठातल्या सिस्टर्स लंडनच्या फुलहॅम भागात, समाजानं पतित ठरवून टाकून दिलेल्या बायकांची सेवा करत होत्या. ते पाहून रमाबाई हेलावल्या. एवढी शास्त्रं पढलेल्या त्यांनी अशा बायकांना कुणी मायेनं जवळ केलेलं तोवर पाहिलं नव्हतं. हे कशाच्या बळावर, असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका सिस्टरनं त्यांना येशू विहिरीपाशी जिच्याशी बोलला त्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली.

त्याच वर्षी वाँटेज इथं रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पण डोळे मिटून मान डोलावणं त्यांना जमलं नाही. त्रैक्याविषयी, चर्चच्या अधिकाराविषयी त्या प्रश्न विचारत राहिल्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असं बिशपांचं मत पडलं, तेव्हा त्यांनी त्यावरही हरकत घेतली. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांना रमाबाईंच्या या वागण्यात गर्व दिसला. विवेक दुसऱ्याच्या हवाली करायला रमाबाई तयार नव्हत्या, इतकंच.

गर्वाचा हा आरोप खरा होता का, हे केडगावात पाहावं. भारतात परतल्यावर, 1896–97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात फिरल्या आणि उपाशी, आजारी, अनाथ मुलीबायकांना घेऊन आल्या. जात विचारली नाही. फुलहॅममध्ये पाहिलं तशा बायकांसाठी कृपासदन उभं राहिलं. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सबंध बायबलचं मराठी भाषांतर करायला बसल्या. संस्कृत जिच्या जिभेवर होतं, तिनं संस्कृतप्रचुर भाषा टाळली आणि नुकतंच वाचायला शिकलेल्या बाईला कळेल अशी सोपी मराठी धरली. केडगावातल्या त्यांच्या मुक्ती मिशन या संस्थेच्या छापखान्यात खिळे जुळवायलाही तिथल्याच बायका होत्या. 1922 मध्ये रमाबाई वारल्या, तोवर त्या या कामातच होत्या. त्यांनी आपली विद्या नाकारली नाही की लपवली नाही. ज्यांना कुणी अक्षर दाखवलं नव्हतं, त्यांच्यासाठी ती राबवली.

मंडळीत आणि घरात आपण नम्रतेचा उपदेश नेमका कुणाला करतो, हे एकदा तपासायला हवं. बहुतेक वेळा तो सुनेला होतो, गड्याला होतो, सभेत पहिल्यांदाच तोंड उघडणाऱ्या बाईला होतो. ‘नम्र राहा’ याचा अर्थ तिथं ‘गप्प राहा’ एवढाच असतो. आधीच खाली दबलेल्याला आणखी वाकायला लावणं ख्रिस्ताकडून आलेलं नाही. तो स्वतः खाली उतरला. खालच्यांना त्यानं उठवलं.

आज करता येण्याजोगं थोडंच आहे. वडिलांच्या वयाच्या मजुराला अरे-तुरे करत असू, तर आजपासून अहो म्हणावं. लेकरावर उगाच ओरडलो असू, तर त्याच्याजवळ बसून ‘माझं चुकलं’ म्हणावं. आपल्याहून कमी शिकलेल्यानं चूक दाखवली, तर आधी पुरतं ऐकून घ्यावं. आणि वरच्यानं अन्याय केला, तर शिवी न देता, पण नजर न झुकवता, ‘का?’ असं विचारावं.

प्रार्थना : प्रभू, जिथं लाभ आहे तिथं मी सहज वाकतो. जिथं लाभ नाही तिथं वाकायला मला शिकव. भीतीला मी नम्रता म्हणू नये आणि माझ्या नम्रतेची किंमत दुसऱ्याला मोजायला लावू नये, एवढी कृपा कर. आमेन.