रेघ कुणी मारायची?

रक्त सगळ्यांचं लालच, असं आपण सहज म्हणतो. माणसामाणसांत भेद करू नये, एवढंच त्यातून सांगायचं असतं, आणि ते खरंच आहे. पण भेद डोळ्यांना दिसतच असेल, तर तो मोजायचा की नाही?

पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कॅन्सरसाठी पीएसए नावाची रक्ततपासणी करतात. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या रिपोर्टात तुम्हीही हा शब्द वाचला असेल. आकडा साधारण ४ च्या पुढं गेला की डॉक्टर सावध होतात. अमेरिकेत हा कॅन्सर काळ्या पुरुषांना गोऱ्यांपेक्षा जास्त होतो, आणि त्यानं मरण्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट. मग त्यांच्यासाठी रेघ वेगळी मारावी का?

वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १९९६ साली याचा अभ्यास मांडला. काळ्या पुरुषांचा पीएसए गोऱ्यांपेक्षा चढाच होता. तेव्हाची रीत अशी, की १०० निरोगी माणसांतली ९५ ज्या आकड्याखाली येतात, तिथं रेघ मारायची. काळ्यांसाठी त्याच रीतीनं रेघ मारली, तर त्यांचे १०० पैकी ४१ कॅन्सर तिच्याखाली लपून राहत होते! म्हणून त्यांनी रीतच फिरवली. १०० आजाऱ्यांतले ९५ सापडतील, अशी रेघ धरली. चाळिशीतल्या पुरुषांसाठी ती २ वर आली.

बघा, रक्त तेच, माणसंही तीच. पहिली रेघ म्हणते, निरोग्याला उगाच त्रास नको. दुसरी म्हणते, आजारी सुटायला नको. दया दोन्हींत आहे. दुसरीपायी काहींना विनाकारण सुया टोचून घ्याव्या लागतात, हेही खरं. कुठली दया आधी, हे रक्त सांगत नाही. ते माणसानंच ठरवायचं असतं.

आणि सगळा दोष रक्तावर टाकणंही सोयीचं असतं. अमेरिकेतल्या माजी सैनिकांना सरकारी दवाखान्यांत सारखे उपचार मिळतात. तिथल्या सुमारे ६० हजार रुग्णांचा अभ्यास २०२० मध्ये आला. त्यात काळे रुग्ण या कॅन्सरनं गोऱ्यांपेक्षा जास्त मेलेले दिसले नाहीत. म्हणजे दवाखान्याचं दार कुणाला कधी उघडतं, हाही भेदच की!

आपणही म्हणतोच ना, "आमच्या घराण्यातच साखर आहे"? असं म्हणून कुणी वेळेवर तपासून घेतं, तर कुणी हात झटकून मोकळं होतं. वाक्य एकच. भेद मानावा, पण पहिल्यासारखा.