मूळ कोण येणार?

आत्यानं नातवाच्या मोबाइलवर पत्रिका दोनदा पाहिली. पडद्यावर माड होते, लाटा होत्या, मागे सनई वाजत होती आणि सगळ्यात शेवटी गोव्यातल्या एका हॉटेलचं नाव होतं. लग्न तिच्या भाच्याच्या मुलीचं, म्हणजे माझ्या पुतणीचं. मोबाइल परत देत आत्या म्हणाली, ''समदं झ्याक हाय. पन मूळ कोन येनार?''

नातवाला प्रश्नच कळला नाही. मला कळला, पण उत्तर देता आलं नाही.

आमच्या वसमतकडच्या जुन्या बोलण्यात मूळ येणं म्हणजे घरचं माणूस न्यायला येणं. लेकीला सणाला आणायचं, बहिणीला लग्नाला आणायचं, तर घरातलं कुणीतरी जातं. तो मुराळी. तो रात्रीचा मुक्काम करतो, जेवतो, सकाळी बाईचं बोचकं उचलतो, एसटीत खिडकीची जागा धरतो आणि कार्य उरकलं की तिला पोहोचवायलाही तोच येतो. मूळ आलं नाही तर बाई जात नसे. लोक त्याला रुसवा म्हणत. मला वाटतं, तिचा हिशेब साधा होता: बोलावणं आलं, पण येण्याजाण्याची जबाबदारी कुणी घेतली नाही, म्हणजे ते बोलावणं अर्धंच राहिलं.

परगावी लग्न ही काही नवी गोष्ट नाही. आपलं प्रत्येक लग्न एका बाजूला परगावचंच असायचं. वऱ्हाड बैलगाड्यांतून निघे, पुढं मीटरगेजच्या गाडीतून, मग ट्रकमधून आणि प्रासंगिक कराराच्या एसटीतून. शिवेवर सीमांतपूजन होई, जानवशाची जागा ठरलेली असे, तिथं पाणी भरून ठेवलेलं असे. इतकंच नाही, लग्नाची यादी करताना मानपान जिकडचा तिकडे की कसं, याबरोबर गाडीभाडं कुणाकडे हेही कागदावर चढे. लग्नात प्रवास हा रीतीचाच भाग होता. लक्ष्मण देशपांडे यांनी १९७९ मध्ये 'वऱ्हाड निघालंय लंडनला' रंगमंचावर आणलं आणि मराठवाड्यातल्या खेड्यातली ५२ माणसं एकट्यानं उभी केली. लोक पोट धरून हसले. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. लंडन कितीही लांब असलं तरी निघतं ते आख्खं वऱ्हाड. चारच माणसं नेऊ या, हा विचार त्या माणसांना शिवतच नाही.

आता तो आपल्याला शिवला आहे, आणि त्यामागे कारणं आहेत. माझ्या भावानं सरळ सांगितलं, ''दादा, वसमतला लग्न केलं तर दीड हजार पान उठेल. दोन वर्षांची हळद त्यात जाईल.'' हे खोटं नाही. मुलीच्या बापाला कर्जात घालणारी गावजेवणं मी पाहिली आहेत. त्याच पंगतीत कुणाला आधी बसवायचं, कुणाला शेवटी, कुणाला लांब, हे जातीवरून ठरताना पाहिलं आहे. त्या लग्नांसाठी मला गळा काढायचा नाही. मुलगी पुण्यात, मुलगा बंगळूरला, दोघांना शंभर माणसांत, समुद्राकाठी लग्न करायचं होतं. करावं.

पण लग्नाचं ठिकाण निवडताना आपण पाहुणेही निवडत असतो, हे कुणी मोठ्यानं बोलत नाही. यादीतून कुणाचंही नाव खोडावं लागत नाही. अंतरच ते काम करतं. वसमतहून गोवा सहाशे किलोमीटरच्या पुढं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी फुकट आहे, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. याच्या जोरावर आत्या नांदेड, परभणी, औंढा एकटीनं करते. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतची. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत तर मार्च २०२० मध्येच बंद झाली. म्हणजे ठिकाण जसं लांब जातं, तसा म्हाताऱ्या माणसाच्या हातातला एकेक आधार सुटत जातो.

तारखेचंही तेच. मुहूर्त निघाला फेब्रुवारीचा. हॉटेलवाल्यांना तो सोयीचा, पुण्या-बंगळूरच्या पाहुण्यांनाही सोयीचा. वसमतमध्ये तेव्हा हळद काढणीला आलेली असते. काढायची, शिजवायची, पसरून वाळवायची, ढोलात घालून पॉलिश करायची. मजूर मिळाले त्या दिवशीच ते काम करावं लागतं. ज्या वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती पिकवणारा माणूस त्या महिन्यात शेत सोडू शकत नाही. घरच्या मुलीला लागणाऱ्या हळदीला तोच नसणार, याचा विचार तारीख धरताना झाला नव्हता. चूक भावाची एकट्याची नाही. बैठकीला मीही होतो.

रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं आणि लग्नसराईत लगेच भरतं. आपण मात्र पत्रिका छापून तीन आठवडे आधी वाटायला निघतो. पाहुण्याच्या हातात पत्रिका पडते तेव्हा गाडी भरलेली असते, आणि 'हेच अगत्याचे आमंत्रण समजावे' ही ओळ वाचून तो गप्प बसतो. लांबच्या लग्नात पत्रिका मागाहून आली तरी चालेल. ''अमुक दिवशी निघायचंय, तुमचं तिकीट मी काढतोय,'' हा निरोप दोन महिने आधी जायला हवा.

तिकीट काढण्यातही एक नाजूक गोष्ट आहे. आम्ही जावयाचं काढलं, विहिणीकडच्यांचं काढलं. सालगड्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. ज्या नवराबायकोनं वीस वर्षं आमच्या घरच्या प्रत्येक मांडवाला मेढी रोवल्या, पाणी भरलं, ते दोघं हॉटेलच्या लग्नात मोडतच नव्हते, कारण तिथं मेढ हॉटेलवाले रोवतात. कामातून सुटले आणि नात्यातूनही सुटले. माझ्या मते अशा लग्नाचा सगळ्यात मोठा तोटा हाच आहे. शेवटी भाऊ स्वतः त्यांच्या घरी गेला आणि म्हणाला, ''काम काही नाही. पाहुणे म्हणून या.'' वाटखर्ची पाकिटात दिली नाही. सगळ्यांच्या बरोबर त्यांचीही गाडीत जागा धरली. हातावर पैसे ठेवले असते तर माणूस ओशाळला असता.

गाडी दोन ड्रायव्हरची केली. मालकानं एकच देतो म्हटलं होतं. मोटार परिवहन कामगारांच्या १९६१ च्या कायद्यात दिवसाला आठ तासांचं काम सांगितलं होतं आणि आमचा रस्ता त्याच्या दुपटीकडे जाणारा होता. वऱ्हाडाची गाडी पहाटे झाडावर गेल्याच्या बातम्या आपण दर लग्नसराईत वाचतो, आणि ड्रायव्हर रात्री कुठं झोपला होता हे त्यात कधी लिहिलेलं नसतं. हॉटेलमध्ये त्या दोघांसाठी एक खोली घेतली. फुलांच्या कमानीतून तेवढे पैसे काढले.

आणि मुराळी नेमले. घरातली पंचविशीतली पाच पोरं, प्रत्येकाकडे तीन-चार म्हातारी माणसं. कुणाची गोळी कधी, कुणाला जिना चढत नाही, कुणाला रात्री दोनदा उठावं लागतं, हे त्या पोरांनी तोंडपाठ केलं. आत्याच्या वाट्याला माझा धाकटा आला. तो आदल्या संध्याकाळी तिच्या घरी मुक्कामाला गेला. हे त्याला मी सांगितलं नव्हतं, त्यानं आत्यालाच विचारून घेतलं होतं.

गोव्यात हॉटेलवाल्यांनी हळदीची पावडर वाटीत काढून ठेवली होती. आत्यानं पदराची गाठ सोडून घरच्या वाणाचं हळकुंड काढलं आणि नवरीच्या कंकणात स्वतः बांधलं. हळद काढायला मागं राहिलेल्या दोन चुलतभावांनी ते शेतातल्या मजुरांसोबत मोबाइलवर पाहिलं. मागं ढोल फिरत होता, त्याच्या आवाजात मंत्र ऐकू येत नव्हते.

परतीला गाडी वसमतला पोहोचली तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. पोरानं आत्याचं बोचकं ओसरीवर ठेवलं आणि पाया पडून निघू लागला. आत्यानं त्याचा हात धरला. ''पोचवाया आलेला मुराळी उपाशी जात नसतो,'' ती म्हणाली आणि पिठाचा डबा काढायला आत गेली.