सोळा पानांचं प्रायश्चित्त

पुस्तक विकत घेणं हा मध्यमवर्गीय माणसाचा छंद नसून विचार असतो. म्हणजे विकत घेण्याचा विचार तो कायम करीत असतो. दुकानात जातो, पुस्तक उचलतो, मलपृष्ठ वाचतो, नव्या कागदाचा वास घेतो आणि मग मान जराशी तिरकी करून, दुकानदाराच्या लक्षात येणार नाही अशा बेतानं किंमत बघतो. त्यानंतर पुस्तक जागेवर ठेवताना त्याच्या चेहऱ्यावर 'हे तर आपलं वाचून झालंय!' असा भाव असतो. मी या कलेत चांगलाच तरबेज आहे. साडेचारशे रुपयांत हल्ली चौघांचा नाश्तासुद्धा धड होत नाही, हे मी हॉटेलात बसून अनेकदा म्हटलेलं आहे. पण तोच आकडा पुस्तकावर दिसला, की मला तो साडेचार हजारांसारखा वाटू लागतो.

अशा या सज्जनाला गेल्या पावसाळ्यात स्टेशनजवळच्या फूटपाथवर मोह झाला. निळ्या प्लॅस्टिकवर पुस्तकं मांडलेली होती आणि त्यांत चक्क आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या सरांची कादंबरी होती. सर निवृत्त हायस्कूल मास्तर. आयुष्यात एकच कादंबरी लिहिली, पण ती अशी लिहिली की तिच्या आवृत्त्या निघतात. मी ती वाचलेली नव्हती. शेजारी राहणाऱ्या लेखकाचं पुस्तक आपण वाचत नाही. त्याला दूध आणताना पाहिलेलं असतं ना!

"दीडशे, काका. तुमच्यासाठी एकशेवीस," विक्रेता म्हणाला.

या 'तुमच्यासाठी'त फार मोठी जादू असते. मी शंभराला मागितली आणि एकशेदहाला घेतली. कागद भेळेच्या पुडीच्या नात्यातला होता. मुखपृष्ठावरच्या बाईचा चेहरा हिरवट आला होता. पण कादंबरीत तिला कावीळ होत असेल, असं मनाशी म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केलं.

घरी आल्यावर सौ.नं पुस्तक हातात घेतलं, एकदा उलटं केलं, एकदा सुलटं केलं आणि म्हणाली, "अहो, ही चोरीची प्रत आहे."

"चोरीची कशी? रोख पैसे मोजलेत मी!"

"कुणाला मोजलेत?"

बायकांचा हा एक दोष आहे. त्या वादात लगेच मुद्द्यावर येतात. मी ताबडतोब बचावाचं भाषण सुरू केलं. म्हटलं, "रद्दीवाल्याकडून आपण जुनी पुस्तकं घेतोच की नाही? अप्पा बळवंत चौकात पोरं अर्ध्या किमतीत क्रमिक पुस्तकं घेतात. मुंबईला फाउंटनच्या फूटपाथवर, माटुंग्याला किंग्ज सर्कलला माणसांनी जन्मभर जुनी पुस्तकं घेतली. त्यातला एक पैसा तरी लेखकाला मिळाला का?"

"थोरल्याचा शर्ट धाकट्यानं घातला, तर शिंप्याचं काही बुडत नाही," ती भाजी निवडता निवडता म्हणाली. "त्याची शिलाई एकदा मिळालेली असते. तुमचा शर्ट शिंप्याच्या दुकानातून उचललेला आहे."

मग मी इतिहासात शिरलो. वादात हरायला लागलो की मी इतिहासात शिरतो. म्हटलं, छापखाने येण्यापूर्वी पोथी उतरवून घेणं हे पाप नव्हतं, पुण्य होतं. ज्ञानेश्वरी तीनशे वर्षं घरोघर उतरवून घेतली गेली, म्हणून तर राहिली! नाथांनी शके 1506 मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली तेव्हा 'नक्कल करू नका' असं ते म्हणाले नाहीत. 'तिच्यात आपल्या पदरच्या ओव्या घालू नका' एवढंच बजावलं. म्हणजे नक्कल चालते, भेसळ चालत नाही.

इतिहासावरून कायद्यावर आलो. आपला कॉपीराइट कायदा 1957 चा. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्यामागे साठ वर्षं हक्क राखतो आणि नंतर पुस्तक सगळ्यांचं होतं. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणून 2011 पासून 'श्यामची आई' कुणीही छापावी, कुणीही स्वस्तात विकावी. आणि दिल्ली विद्यापीठाचा खटला? तिथल्या एका झेरॉक्सच्या दुकानावर तीन बड्या परदेशी प्रकाशनसंस्थांनी 2012 मध्ये दावा लावला. पुस्तकांतली प्रकरणं झेरॉक्स करून, बांधून विद्यार्थ्यांना विकतो म्हणून. 2016 मध्ये उच्च न्यायालयानं दुकानाच्या बाजूनं कौल दिला. शिकण्यासाठी लागणारी नक्कल ही चोरी नव्हे!

"तुम्ही कुठल्या वर्गात आहात?" सौ.नं विचारलं.

त्याच कायद्यात, जाणूनबुजून चोरून छापणाऱ्याला आणि विकणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे, हे मी तिला सांगितलं नाही. विचारलंही नव्हतं तिनं.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र मी हिशेब मांडला. लेखकाला रॉयल्टी साधारण दहा टक्के. साडेचारशेचे पंचेचाळीस झाले. म्हणजे मी वाचवले तीनशेचाळीस आणि सरांचे बुडवले फक्त पंचेचाळीस! एवढ्या किरकोळ रकमेसाठी झोप घालवणं मूर्खपणाचं होतं. मी दिवा लावला आणि कादंबरी वाचायला घेतली.

आणि काय सांगू! तीन दिवस मी दुसरं काही केलं नाही. चौथ्या दिवशी सर जिन्यात भेटले. हातात दुधाची पिशवी होती, पण आता ती मला दिसली नाही.

"सर, कादंबरी वाचली. काय तुमचं तंत्र! आई अंगणात तुळशीला पाणी घालतेय आणि लगेच पुढल्या ओळीत मुलगा पुण्याच्या लॉजवर दाढी करतोय! मधल्यामध्ये आई कुठे गेली, तुम्ही सांगतच नाही. ती पोकळी, सर, अगदी अंगावर येते."

सर माझ्याकडे बघत राहिले. "पोकळी?" ते म्हणाले. मग अगदी हळू, वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाला बोलवावं तसं म्हणाले, "पुस्तक घेऊन वर या जरा."

वर गेलो. दुसरं करणार काय? सरांनी चष्मा लावला, प्रत डोळ्यांजवळ धरली, हिरवट बाईकडे एकदा पाहिलं आणि पानं चाळली. दोनशेआठ नंतर एकदम दोनशेपंचवीस.

"एक फॉर्मा गेला," ते म्हणाले. "सोळा पानं. घाईत जुळवताना राहून जातो त्यांच्याकडून. यात आई जाते."

मी काही बोललो नाही.

"ही सोळा पानं लिहायला मला दोन वर्षं लागली. माझीच आई होती ती."

अशा वेळी माणसानं गप्प बसावं. पण मी मध्यमवर्गीय. मी खिशात हात घातला आणि म्हणालो, "सर, दहा टक्क्यांप्रमाणे पंचेचाळीस रुपये होतात..."

सर मोठ्यांदा हसले. इतके, की आतून वहिनी बघायला आल्या. मग म्हणाले, "ठेवा ते. बसा. तुम्हाला एक गंमत सांगतो. मॅट्रिकनंतर मला एक जाडजूड व्याकरण हवं होतं. घरात पुस्तक घ्यायचं म्हणजे कुणाच्या तरी चपला राहायच्या. तालुक्याच्या वाचनालयात एकच प्रत होती आणि ती बाहेर देत नसत. मे महिन्याची सगळी सुट्टी तिथे बसून मी ते व्याकरण वहीत उतरवून काढलं. पाच वह्या झाल्या. चोरी होती का ती? असेलही. पण त्या पुस्तकाचं काही देणं राहिलं असं मला कधी वाटलं नाही. सुट्टी दिली होती मी त्याला."

"मग माझंही..."

"थांबा. पुस्तकाची किंमत तीन तऱ्हांनी देता येते. पैसे मोजून, कष्ट करून नाहीतर वाट बघून. वाचनालयात नंबर लावतो, तो वाट बघून देतो. ज्याच्याकडे जे असेल ते त्यानं द्यावं. एखाद्या गरजू पोरानं माझ्या पुस्तकाची झेरॉक्स काढली, तर मी कधी ओरडलोय? त्याच्याकडे पैसे नाहीत, परीक्षा तोंडावर, वाट बघायलाही सवड नाही. पण तुमच्याकडे तिन्ही होतं हो!"

ते 'हो' मला अजून टोचतं.

मला आमच्या लहानपणची रशियन पुस्तकं आठवली. जाड पुठ्ठ्याची, रंगीत चित्रांची, चार-दोन रुपयांत मिळणारी. 1991 मध्ये सोव्हिएत देशच गेला आणि ती यायची थांबली. ती स्वस्त होती, कारण उरलेले पैसे तिकडचं सरकार भरत होतं. इंजिनिअरिंगच्या पोरांना इंग्रजी पुस्तकं ईएलबीएसच्या स्वस्त आवृत्तीत मिळत, तिथे ब्रिटिश सरकार भरत होतं. 1974 साली 'ग्रंथाली' निघाली. तिथे वाचकांनी आधी पैसे भरायचे आणि मग पुस्तक छापायचं, म्हणून ते परवडायचं. आजही राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं संगणकावर फुकट वाचता येतात. ती फुकट आहेत, कारण तुमच्याआमच्या करांतून कुणी तरी लेखकाला आणि छापखान्याला आधीच दिलेलं आहे. फुकट असं काही नसतंच. कुणी भरलं, एवढाच प्रश्न असतो. माझ्या हिरव्या बाईच्या बाबतीत ते सरांनी भरलं होतं. दोन वर्षं.

"आता ही सोळा पानं?" मी विचारलं.

"माझी प्रत मी कुणाला घरी नेऊ देत नाही. परत येत नाही," सर म्हणाले. मग कोपऱ्यातलं टेबल दाखवून म्हणाले, "इथे बसा आणि उतरवून घ्या."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण त्यांनी कोरे कागद आणि पेन आणून ठेवलं. चार संध्याकाळी मी दुसऱ्या मजल्यावर जाऊन बसत होतो. चाळीस वर्षांत मी सही आणि किराण्याची यादी यापलीकडे काही लिहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी बोटं दुखली. दुसऱ्या दिवशी सरांनी लाल पेन घेतलं आणि माझ्या एका पानावर ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका काढल्या. नाथांना शुद्ध प्रत का करावी लागली, ते मला तेव्हा कळलं. माझ्यासारख्यांनी नकला केल्या होत्या!

तिसऱ्या दिवशी आई आजारी पडली. वाचताना आपण भरभर पुढे जातो. लिहिताना जाता येत नाही. आईनं पाणी मागितलं, तर ते पाणी यायला दोन ओळी लागतात आणि त्या दोन्ही ओळी आपल्या हातानं लिहाव्या लागतात. चौथ्या दिवशी शेवटच्या पानावर मी थांबलो. सर खिडकीशी बसले होते. ते उठले, "चहा टाकायला सांगतो," म्हणाले आणि आत गेले. बराच वेळ आले नाहीत. मी पान पुरं केलं.

माझ्या भाच्यानं मोबाइलवर मला एका दमात दोनशे पुस्तकं पाठवली आहेत. त्यांतलं एकही मी उघडलेलं नाही. पूर्वी ही माझी आळशीपणाची गोष्ट वाटायची. आता वाटतं, मी त्यांना काहीच दिलेलं नाही, मग त्यांनी तरी मला का काही द्यावं?

कादंबरीची अस्सल प्रत मी नंतर दुकानातून विकत घेतली. साडेचारशे रुपये मोजताना हात थोडा थरथरला, पण मी मान तिरकी केली नाही. ती प्रत भाच्याला वाढदिवसाला दिली. सौ. म्हणाली, "आता ती फूटपाथवरची द्या रद्दीत."

ती मात्र मी ठेवली आहे. दोनशेआठ आणि दोनशेपंचवीस यांच्यामध्ये माझ्या हस्ताक्षरातले कागद लावलेत, लाल शाईच्या दुरुस्त्यांसकट. त्या अख्ख्या पुस्तकात अस्सल अशी तेवढीच सोळा पानं आहेत.