समेट की पाठवणी?

मुरबाड-शहापूरकडच्या एखाद्या गावातून मारहाणीला विटलेली सून डोंबिवलीला बहिणीच्या बिऱ्हाडी येते. दोन दिवसांनी तिला न्यायला गावचे पंच येतात. चहा होतो, नवरा मान खाली घालून शब्द देतो आणि आपण शेजारी, धर्मग्रामातली वडीलधारी मंडळी, समाधानाने उठतो. संसार वाचला! कोणाचा, हे आपण विचारीत नाही.

पंचांना सरसकट दोष देणे न्यायाचे होणार नाही. पोलीस ठाणे दूर, कोर्टाची पायरी त्याहून दूर. पंच मात्र हाकेच्या अंतरावर असतात आणि वकिलाची फी मागत नाहीत. खोट आहे ती निवाड्याच्या मुळाशी. ती परत गेली तरच समेट पुरा होतो. नवऱ्याने शब्द मोडला तर काय, याला रूढीत उत्तर नाही. दंड केलाच, तर तो त्याच संसाराच्या पैशांतून जातो.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने हा हिशेब उलटा केला. घर कोणाच्याही नावावर असो, तिथे राहण्याचा हक्क तिचा. बाहेर पडण्याचा हुकूम दंडाधिकारी नवऱ्यालाच देऊ शकतो. संरक्षणाचा आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद आहे. पुढे महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्याने वाळीत टाकणाऱ्या पंचांनाही तीन वर्षांपर्यंत शिक्षा ठरवली.

आपल्यात जातपंचायत नाही, असे आपण अभिमानाने म्हणतो. आणि विवाहसंस्काराचे नाव घेऊन तेच काम करतो. विवाह अतूट आहे, तेव्हा सोस, असे लेकीला सांगताना ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मविधीसंहितेतील ११५३ वे कलम आपण वाचलेले नसते. जोडीदारापासून देहाला वा आत्म्याला गंभीर धोका असेल, तर वेगळे राहण्यास ते न्याय्य कारण मानते. एरवी महागुरूंचा आदेश लागतो. विलंबात धोका असेल तर तिने त्यासाठीही थांबण्याची गरज नाही. पोप फ्रान्सिस यांनी तर २०१६ च्या 'आमोरिस लेतित्सिया'त असे विभक्त होणे कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यकच ठरते, असे म्हटले आहे. विवाहबंधन त्याने तुटत नाही. मार थांबतो.

कारण सरल्यावर सहजीवन पुन्हा सुरू व्हावे, अशीही त्या कलमाची अपेक्षा आहे. म्हणजे प्रश्न क्रमाचा आहे: आधी भय सरले पाहिजे, परतणे त्यानंतरचे. ते सरले की नाही, हे तिलाच ठाऊक. आणि बैठक चालू असते तेव्हा ती बहुधा आत चहा गाळीत असते.