जुने कोणी ठरवावे?

वस्तू जुनी केव्हा होते? सुरी बोथट झाली तर आपण तिला धार लावतो. पाते झिजून गेले म्हणजे टाकून देतो. खुर्चीचा पाय मोडला तर सुतार नवा बसवतो. वस्तू कामातून गेली हे ती वापरणारास कळते आणि तिचे काय करावे हे तोच ठरवतो. संगणकाच्या बाबतीत मात्र ही रीत उलटली आहे. यंत्र चालू असते, काम होत असते, आणि तरी दूर कोठे तरी बसलेला कोणी सांगतो की हे आता जुने झाले. त्याचे म्हणणे आपण कितपत मानावे?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. एका चिपवर मावणाऱ्या भागांची संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल, असे भाकीत गॉर्डन मूर यांनी १९६५ साली केले. १९७५ मध्ये त्यांनी ही मुदत दोन वर्षांची केली. ट्रान्झिस्टर जसजसे लहान होत गेले तसतसे ते अधिक जलद चालू लागले आणि प्रत्येकाला वीजही कमी लागू लागली. त्यामुळे कित्येक वर्षे नवा संगणक जुन्याहून खरोखरच वेगवान असे. त्या काळी यंत्र बदलण्यास सबळ कारण होते.

२००४ च्या सुमारास ही वाट अडली. अतिसूक्ष्म ट्रान्झिस्टरमधून वीज झिरपू लागली, आणि वेग वाढवावा तर उष्णता आवरेना. इंटेल कंपनीचा पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचला. ४ गिगाहर्ट्झचा बेत कंपनीने त्याच वर्षी सोडून दिला. २००५ मध्ये इंटेल व एएमडी या दोन्ही कंपन्यांनी घरगुती संगणकांसाठी एकाच प्रोसेसरमध्ये दोन कोअर दिले. एका मजुराला अधिक पळवता येईना, म्हणून दोन मजूर लावले, असे म्हणा. पुढे चार आले, आठ आले.

पण मजूर वाढवले म्हणजे काम त्याच प्रमाणात लवकर होते असे नाही. जीन ॲमडाल यांनी १९६७ सालीच याकडे लक्ष वेधले होते. समजा, दहा तासांच्या कामातील एक तासाचा भाग एकानेच करावा लागतो. उरलेले नऊ तास नऊ जणांत वाटले तर सारे काम दोन तासांत होईल. पण शंभर जण आणले तरी ते एका तासाच्या आत कधीच होणार नाही. चित्रपटाचे संकलन किंवा शास्त्रीय गणिते यांना अनेक कोअरचा मोठा लाभ होतो. पत्रे लिहिणे, मंडळीचा जमाखर्च ठेवणे, रविवारच्या शाळेचे पाठ छापणे यांना तो फारसा होत नाही. प्रत्येक कोअरही सुधारत गेला, परंतु पूर्वीच्या झपाट्याने नव्हे. म्हणजे साध्या कामासाठी यंत्र आता अधिक वर्षे पुरते.

तरीही ते टाकण्याची वेळ येते. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार थांबवला, आणि २०१७ पूर्वीचे बहुतेक सर्व इंटेल प्रोसेसर विंडोज ११ साठी अधिकृतपणे ग्राह्य नाहीत. धडधाकट यंत्र एका तारखेला कागदोपत्री म्हातारे झाले.

कंपनीचीही बाजू ऐकली पाहिजे. जुन्या प्रणालीतील सुरक्षेची छिद्रे कोणी अनंत काळ बुजवत बसू शकत नाही. शिवाय ज्या संगणकावर इतरांची नावे, पत्ते आणि देणग्यांच्या नोंदी आहेत, तो असुरक्षित ठेवून इंटरनेटला जोडणे ही काटकसर नसून हयगय आहे. यंत्र माझे असले तरी धोका शेजाऱ्यालाही असतो.

पण शेजारी आणखीही एक आहे. २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत कचरा झाला, त्यातील २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापरास गेल्याची नोंद आहे. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत गोरगरीब माणसे असे भंगार हातांनी फोडून पोट भरतात. तारा जाळताना निघणारा विषारी धूर त्यांच्या छातीत जातो. आपण यंत्र दाराबाहेर ठेवतो तेव्हा त्याची किंमत संपत नाही. ती दुसऱ्या कोणाच्या तरी माथी पडते.

तेव्हा जुने कोणी ठरवावे? बनवणाऱ्याने विकतानाच स्पष्ट सांगावे की आधार किती वर्षे देऊ. नंतर मुदत कळवणे न्यायाचे नव्हे. आणि वापरणाऱ्याने जाहिरातीपुढे आपला निर्णय गहाण टाकू नये. नवे घेण्यापूर्वी त्याने पाहावे: माझे काम अडले आहे काय? मेमरी वाढवून, डिस्क बदलून किंवा लिनक्ससारखी विनामूल्य प्रणाली घालून हेच यंत्र सुरक्षितपणे चालेल काय? आणि टाकणे भागच असेल तर ते कोणाच्या हाती जाईल? भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी उत्पादकांवर नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रांमार्फत ही जबाबदारी घातली आहे. तिचा लाभ घेणे आपल्या हाती आहे.

शिक्षकबंधुभगिनींनी हा प्रश्न मोठ्या वर्गातील मुलांपुढे अवश्य मांडावा. नव्या यंत्राची हौस त्यांना असणारच, व ती असू द्यावी. मात्र जुने यंत्र कोठे जाते आणि तेथे कोण बसलेले असते, हेही त्यांना ठाऊक असावे.