परळपर्यंतची वाट

राजापूरकडच्या वाडीतली पंचविशीची बाई विहिरीवरून पाण्याची कळशी आणताना मध्येच टेकते. रक्त कमी असेल म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू होतात. मग दिवस जातात. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, ते हृदयाच्या आकसलेल्या झडपेतून पुढे सरत नाही आणि फुप्फुसात साचू लागतं. सहाव्या-सातव्या महिन्यात तिला आडवं झोपवत नाही. रत्नागिरीच्या सिव्हिलमध्ये कोणी छातीला नळी लावून नीट ऐकलं, टू-डी इको झाला, की कळतं: दुखणं वीस वर्षांचं आहे. लहानपणी घसा सुजला, ताप आला, सांधे धरले, आठवड्याभरात उतरलं. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंशी लढताना शरीराने स्वतःच्याच झडपेवर घाव घातला होता.

सांधेतापातून जडणारा हा झडपेचा आजार दाटीवाटीचा, अपुऱ्या घराचा आहे. न्यूझीलंडमध्ये तो माओरी आणि पॅसिफिक बेटांवरून आलेल्या मुलांना गाठतो, ऑस्ट्रेलियात तिथल्या आदिवासींना. त्याच देशांतल्या गोऱ्या वस्त्या तो जवळपास विसरल्या आहेत. अमेरिकेत छाती न उघडता मांडीच्या धमनीतून झडप बसवण्याचं तंत्र आलं, तरी ते काळ्या रुग्णांपर्यंत कमी पोचलं. आपल्याकडे ही दरी रेशनकार्डाचा रंग आणि मुंबईपासूनचं अंतर यांवरून ओळखावी लागते. ती वांशिक दरीपेक्षा सौम्य आहे असं मला वाटत नाही.

मुंबईच्या केईएमचा जन्मच अशा एका भेदाविरुद्ध झाला, हे इथे आठवतं. वरच्या वैद्यकीय जागा गोऱ्यांसाठी राखलेल्या असताना शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी देणगी देताना अट घातली: शिकवणारे सगळे भारतीय असतील. 1926 मध्ये परळला कॉलेज आणि रुग्णालय उभं राहिलं. तिथेच फेब्रुवारी 1968 मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी देशातलं पहिलं हृदयरोपण केलं. आणि हे रुग्णालय उभं होतं गिरणगावात, म्हणजे रत्नागिरीच्या चाकरमान्यांच्या अंगणात. गावकीच्या खोलीत वळकटी टाकायला जागा मिळे, डबा कोणी तरी आणून देई, रक्त द्यायला खात्यातले चार जण उभे राहत. कोकणातल्या गरिबाच्या उपचाराचा निम्मा भार या खोलीने उचलला, असं मी म्हणेन. कुठल्याही अहवालात तिची नोंद नसली तरी.

1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या. चाकरमानी नालासोपारा, विरार, दिव्याकडे सरकला. आता रात्रीच्या गाडीने पहाटे दादरला उतरलेल्या रुग्णाला परळमध्ये ओळखीचं दार उरलेलं नाही.

खोली गेली, योजना आली. राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत शेजारचा रायगड होता, रत्नागिरी नव्हती. ती 2013 च्या नोव्हेंबरात आली. आज महात्मा फुल्यांच्या नावाने चालणाऱ्या याच योजनेतून झडपेचं ऑपरेशन होतं, आणि ज्यांना ते मिळालं त्यांच्या घरी याचं मोल विचारावं. झडपही स्वस्त झाली ती आपल्याच माणसांमुळे: तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूने घडवलेली झडप डिसेंबर 1990 मध्ये पहिल्यांदा बसवली गेली आणि परदेशी झडपेच्या मक्तेदारीला तडा गेला.

पण यांत्रिक झडप बसली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभराची. हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप असेल तर आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणाऱ्या तपासणीचा, आकडा साधारण 2.5 ते 3.5 च्या मध्ये राखायचा. खाली घसरला तर झडपेवर गाठ धरते, माणूस अर्धांगाने पडतो. वर गेला तर रक्तस्राव. पालेभाजी जास्त खाल्ली, दुसऱ्या दुखण्याची गोळी घेतली, तरी आकडा हलतो. बाईला पुन्हा दिवस गेले तर हीच गोळी पोटातल्या बाळाला घातक. लाखाच्या ऑपरेशनचं यश काहीशे रुपयांच्या या तपासणीवर तोललेलं असतं, आणि तेवढ्यासाठी तिने घरातल्या एकाची मजुरी बुडवून शहर गाठायचं. योजना काही काळ पाठपुरावा करते, जन्मभर नाही.

रत्नागिरीत हृदय शस्त्रक्रियेचं मोठं केंद्र हवं, अशी मागणी होते. भावना मला समजते, पण ती पहिली मागणी असू नये. अशा शस्त्रक्रियेला रोज हात चालणारा चमू लागतो. त्यासाठी मुंबईला किंवा कोल्हापूरला एकदा जाणं परवडेल. पुन्हा पुन्हा जाणं परवडत नाही. ज्या मुलाला सांधेताप होऊन गेला त्याला दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन मिळालं, तर झडप आणखी बिघडायची बहुधा टळते. औषध जुनं, स्वस्त. ते दुखतं, त्याच्या रिअ‍ॅक्शनची धास्ती असते, म्हणून टाळलं जातं. जागतिक आरोग्य सभेने 2018 मध्ये या आजारावर ठराव केला. आपल्याला त्यातून हवी ती वाडीतल्या आशाताईच्या वहीत एक जास्तीची तारीख, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात धीराने सुई टोचणारा हात.

आयएनआर मोजायचं हातात मावणारं यंत्रही मिळतं. लांज्याच्या ग्रामीण रुग्णालयात ते टेबलावर असलं, तर बाई सकाळी बोट पुढे करील, चार मिनिटांत आकडा कळेल, आणि दुपारच्या एसटीने घरी जाऊन त्याच संध्याकाळी ती गोळी बरोबर मापाची घेईल.