भरतीनंतरचं पळणं

लोहा-कंधारच्या रस्त्यावर पहाटे एखादं पोरगं पळताना दिसलं, तर कुठं निघालास म्हणून त्याला कुणी विचारत नाही. भरतीची तयारी चाललीय, हे सगळ्यांना ठाऊक असतं. साडेपाच मिनिटांत 1600 मीटर आले की पैकीच्या पैकी 60 गुण. दहा पुलअप्स निघाल्या की 40. नऊ फुटांचा खड्डा ओलांडायचा, झिगझॅग पट्टीवर तोल सांभाळायचा. सोयाबीनच्या भावावर वर्ष काढणाऱ्या घरांत हे आकडे आजीलाही पाठ असतात.

निकाल लागला की हे पळणं बंद होतं. ज्याची निवड होत नाही, तो बूट माळ्यावर टाकतो. हे समजण्यासारखं आहे, तरी वाईट वाटतं. मला जास्त काळजी वाटते ती निवड झालेल्याचंही पळणं थांबतं याची. ही गोष्ट अशाच एका पोराची आहे. घरात तो धाकटा, म्हणून आपणही त्याला धाकटाच म्हणू.

धाकटा आणि त्याचा चुलतभाऊ, दोघं एकाच वयाचे, चारच महिन्यांचं अंतर. नांदेड रोडच्या कडेनं दोघं अंधारातच पळायचे. ट्रकचा उजेड आला की खाली मातीत उतरायचे, ट्रक गेला की परत डांबरावर. धाकटा नेहमी चार पावलं पुढं. भरतीच्या मैदानातही तसंच झालं. धाकटा साडेपाच मिनिटांच्या आत, पहिल्या गटात आला, चुलतभाऊ थोडक्यात हुकला. पुढच्या खेपेपर्यंत चुलतभावाचं भरतीचं वय उलटलं आणि त्याची वाट तिथंच संपली. धाकटा अग्निवीर म्हणून, म्हणजे चार वर्षांसाठी, महार रेजिमेंटमध्ये लागला. सागरच्या केंद्रात प्रशिक्षण झालं, कसम परेड झाली, आईनं पेढे वाटले आणि तो पलटणीत दाखल झाला.

फौजेचं आयुष्य आपण परेडच्या दिवशी पाहतो, तसं ते रोज नसतं. पहाटे पी.टी. होते, मग परेड, हत्यारांची साफसफाई, मग फटीग. फटीग म्हणजे पडेल ते काम: गवत काप, सामान उतरव, लंगरमध्ये कांदे सोल. रात्री गार्ड. धाकट्याला वाटलं होतं, आपण लढायला आलो. हाती आलं खुरपं, आणि खुरपं तर घरीही होतंच. तो कामचुकार नव्हता, सांगितलं तेवढं करायचा. पण सांगितल्याच्या पुढं एक पाऊल टाकायचा नाही.

संध्याकाळी पलटणीत खेळाची वेळ असते. कुणी व्हॉलीबॉल, कुणी फुटबॉल, कुणी कबड्डी. फौजेतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. सकाळी ज्याच्यासमोर टाचा जुळवायच्या, त्याच कॅप्टनच्या पायातला बॉल संध्याकाळी शिपाई काढून घेतो आणि त्याबद्दल शाबासकी मिळवतो. दिवसभर हुकमानं बांधलेली माणसं त्या तासाभरात एकमेकांना ओळखायला लागतात. कोण पडल्यावर हात देतो, कोण हरताना चिडतो, कोण दमला तरी जागा सोडत नाही, हे तिथं कळतं आणि पुढं कठीण जागी उपयोगी पडतं.

धाकटा मात्र मैदानाच्या कडेला उभा राहायचा, हजेरी झाली की बॅरेकची वाट धरायचा आणि खाटेवर पडून घरी फोन लावायचा. घरच्यांना सांगायचा, "पळायचं होतं तेवढं पळून झालं. आता चार वर्षं काढायची."

वर्ष उलटायच्या आत पलटणीची शारीरिक चाचणी आली. पाठीवर सामान, हातात रायफल आणि पाच किलोमीटर. धाकट्यानं सुरुवात लोह्यातल्यासारखीच केली, सगळ्यांच्या पुढं. दोन किलोमीटरवर श्वास फुलला. तिसऱ्यात पोटऱ्या आखडल्या. चौथ्यात मागून एकसारखा बुटांचा आवाज आला आणि एक माणूस त्याला ओलांडून पुढं गेला. तो लंगरमधला कुक होता. वय चाळिशीला टेकलेलं, कानशिलावर पांढरे केस. धाकटा रोज त्याच्याच हातची पोळी खायचा. जाता जाता कुक एवढंच म्हणाला, "पाय उचल, थांबू नको."

धाकटा पास झाला, पण कसाबसा. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी लंगरच्या फटीगवर असताना त्यानं कुकला विचारलंच, "भाऊ, तुम्ही कधी सराव करता? दिवसभर तर चुलीपुढंच असता."

कुकनं पिठाचे हात झटकले. "सराव कसला? फुटबॉल खेळतो. भरती झाल्यापासून एक संध्याकाळ सोडली नाही. तू भरतीसाठी पळायचास. भरती झाली, तुझं काम संपलं."

हे बोलणं शेजारी रेशन तपासत असलेल्या सुभेदार साहेबांच्या कानावर पडलं. ते परभणीकडचे. त्यांनी धाकट्याला बाहेर बोलावलं.

"कुठला रे तू?"

"लोह्याचा, साब. नांदेड जिल्हा."

"मग आपल्या मराठवाड्यातलाच एक माणूस सांगतो तुला. याच रेजिमेंटचा. अविनाश साबळेचं नाव ऐकलंस?"

"ऐकलंय, साब. टीव्हीवर पाहिलंय."

"टीव्हीच्या आधीचं ऐक."

सुभेदार साहेबांनी जे सांगितलं, ते सगळं जगजाहीर आहे. पण भरतीच्या वाटेवरची पोरं त्यातलं शेवटचं पदक तेवढं लक्षात ठेवतात. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे साबळेंचं गाव. आई-वडील वीटभट्टीवर राबायचे. शाळा सहा किलोमीटरवर, तिथं हा मुलगा कधी चालत, कधी पळत जायचा. बारावीनंतर तो महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये साधा शिपाई म्हणून लागला. 2013-14 मध्ये सियाचीनचा बर्फ, मग राजस्थानची वाळू, 2015 मध्ये सिक्कीम. तोवर धावपटू म्हणून त्याला कुणी ओळखत नव्हतं. इतर जवान करतात तीच नोकरी तोही करत होता.

2015 मध्ये तो सैन्यातल्या क्रॉस-कंट्री शर्यतींत उतरला. पुढं एकदा वजन इतकं वाढलं की सुमारे वीस किलो उतरवावं लागलं. 2017 मध्ये सैन्यातले प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवलं. ही शर्यत 3000 मीटरची. वाटेत 28 वेळा अडथळा आणि 7 वेळा पाण्याचा खड्डा ओलांडायचा. हे अडथळे भक्कम लाकडाचे असतात, पाय लागला तर ते पडत नाहीत, माणूस पडतो.

2018 मध्ये भुवनेश्वरला त्यानं 8 मिनिटं 29.80 सेकंदांची वेळ दिली आणि गोपाल सैनी यांचा 1981 पासूनचा, 37 वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळवलं, सुवर्ण फक्त 0.05 सेकंदानं हुकलं. 1998 ते 2018 या सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाबाहेर गेली नव्हती. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यानं सुवर्ण जिंकलं.

"आता हिशेब कर," सुभेदार साहेब म्हणाले. "भरतीच्या दिवशी हा माणूस कोण होता? तुझ्यासारखाच एक शिपाई. त्याचं खरं पळणं वर्दी चढल्यावर सुरू झालं. तू वर्दी चढवलीस आणि बूट काढलेस."

धाकट्यानं मान खाली घातली. थोड्या वेळानं म्हणाला, "साब, पण तो अविनाश साबळे आहे. माझ्यानं काय तेवढं होणार नाही."

"तेवढं कर म्हणून कोण सांगायलंय तुला? तो कुकदादा कुठं ऑलिंपिकला चाललाय? चार वर्षांनी तुमच्यातले शंभरातले फार तर पंचवीस राहतील, बाकीचे घरी जातील. घरी जाताना अंगात काय घेऊन जाणार, ते बघ."

त्या संध्याकाळी धाकटा मैदानात उतरला. फुटबॉल त्याला येत नव्हता. पहिले काही दिवस बॉल एकीकडे आणि तो दुसरीकडे. पोरं हसली, मग शिकवायला लागली. कुक त्याला आपल्या बाजूला घ्यायचा आणि बॉल गेला की ओरडायचा. खेळ संपला की दोघं मैदानाला चार फेऱ्या मारायचे. बदल आधी कामात दिसला. फटीगला जाताना तो रडेनासा झाला. कारण ज्यांच्याबरोबर गवत कापायचं, त्यांच्याशीच संध्याकाळी खेळायचं असायचं. गार्डवरून उतरलेल्या जोडीदाराचं अंथरूण तो घालून ठेवू लागला, कुणी सांगितलं नसताना.

मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला त्याला सुट्टी मिळाली. घोडे, उंट, गाढवं, तळी, कुस्त्यांची दंगल, सगळं जिथल्या तिथं होतं. चुलतभाऊ भेटला. मोबाइलच्या दुकानात कामाला लागलेला, पोट थोडं सुटलेलं, बोलणं तुटक. दंगलीत पन्नाशीचा एक पैलवान केवळ हौसेनं लाल मातीत उतरला, हरला आणि हसत बाहेर आला. दोघं ते बघत होते.

धाकटा म्हणाला, "उद्या पहाटे पळायला येतोस का?"

"आता कशाला? वय संपलं माझं."

"भरतीचं संपलं."

चुलतभाऊ काही बोलला नाही. पहाटे मात्र तो आला. जुने बूट तळाला उकलले होते, त्यांना सुतळी बांधून आला. किलोमीटरभर पळाले, मग चालले. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. सुट्टी संपून धाकटा गेला तरी चुलतभावानं पळणं सोडलं नाही. दुकान दहाला उघडतं, त्याआधी त्याचं पळून होतं. आता त्याच्याबरोबर भरतीची तयारी करणारी पोरं असतात. ट्रक कधी येतो आणि कुठं खाली उतरायचं, हे तोच त्यांना सांगतो.

धाकट्याची पलटणीच्या क्रॉस-कंट्री संघात निवड झालेली नाही. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा त्याच्यापेक्षा चांगले होते. पुढच्या चाचणीत पाच किलोमीटर तो कुकच्या खांद्याला खांदा लावून आला आणि शेवटच्या वळणावर कुकच पुढं निघाला.

लोहा, कंधार, अहमदपूर भागातल्या आईबापांना माझं एक सांगणं आहे. भरतीचा निकाल लागेल त्या संध्याकाळी घरात पेढे असोत की शांतता, पोराला एवढं विचारा: उद्या सकाळी पळायला कितीला उठवू?